पायांनी वाचलेले तंजावर

नोकरी करणाऱ्या माणसाची सुटी मोजकी असते. म्हणून तो तीत शक्य तितकी गावे बसवू पाहतो. गेल्या फेब्रुवारीत मला चार दिवस मोकळे मिळाले. ते एकाच शहराला द्यायचे, आणि तेही पायी फिरून, असे ठरवून मी तंजावरला गेलो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे राज्य स्थापन केले आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले. आपल्या शालेय पुस्तकांत या दीर्घ कालखंडाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. प्रत्यक्षात मात्र राजवाडा, ग्रंथालय आणि मंदिर ही सारी पायी सहज फिरता येतील अशा अंतरावर आहेत.

पहिल्या सकाळी ऊन चढण्याआधी बृहदीश्वराच्या मंदिरात पोहोचलो. राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, सुमारे ६० मीटर उंच आहे. बहुतेक प्रवासी मान वर करून उभे होते. प्रदक्षिणा घालताना माझी नजर खाली, जोत्यावर कोरलेल्या तमिळ ओळींकडे गेली. मंदिराच्या सेवेतील ४०० नर्तकींची नावे येथील लेखांत नोंदलेली आहेत, हे मी वाचले होते. पण लिपी येत नसल्याने त्यांतील एकही नाव मला उच्चारता येईना. मग प्राकाराच्या ओवऱ्यांत वळलो आणि भिंतीवर एकाएकी देवनागरी अक्षरे दिसली. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी वृत्तांत तो हाच. एकेक ओळ लावीत मी भिंतीच्या कडेने पावलापावलाने सरकत राहिलो. घाईने छायाचित्र टिपून परतणाऱ्याच्या वाट्याला ही भिंत येत नाही.

पुढील दोन दिवस याच राजाचा माग काढण्यात गेले. राजवाड्याच्या दरबारात त्याचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे. शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये एका शिल्पपटात तो आपले गुरू, जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या मृत्युशय्येपाशी दिसतो. त्याने जिवापाड वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी हस्तलिखिते एकाच छपराखाली नांदतात. तेथे हिंडताना ध्यानी आले, की या राजांनी मराठी जपली ती इतर भाषांना दूर सारून नव्हे, तर त्यांच्या शेजारी बसवून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यामागच्या गल्लीत एका वृद्ध गृहस्थांना वाट विचारली. मी महाराष्ट्रातून आलो हे कळताच ते मराठीत बोलू लागले. शब्द ओळखीचे, हेल मात्र तमिळ. मधूनच आपण केवळ जुन्या ग्रंथांत वाचतो असे एखादे क्रियापद. त्यांनी घरी नेऊन कॉफी दिली. ही भाषा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते, पण लिहिताना सारे तमिळचाच आधार घेतात. नातवंडांना आजोबांचे बोलणे कळते. उत्तर मात्र ती तमिळमध्ये देतात. निघताना त्यांनी कपाटातून पिवळ्या पडलेल्या कागदांची एक गाठोडी काढली आणि म्हणाले, “आमच्या वडिलांना वाचता येत होते. तुम्हाला येते का?” कागद मोडीतले होते. मी मान हलवून नाही म्हटले. त्यांनी गाठोडी पुन्हा तितक्याच काळजीने बांधून ठेवली.

शेवटच्या दिवशी मी कोठेही नवीन गेलो नाही. त्याच रस्त्यांनी पुन्हा चाललो. दगडात कोरलेली भाषा टिकते, असे आपण म्हणतो. वस्तुतः दगडात केवळ अक्षरे टिकतात; भाषा टिकते ती वाचणाऱ्यामुळे. जोत्यावरील तमिळ नावे माझ्यासाठी मुकी होती. तसेच ते कागदही त्या घरासाठी मुके होऊन बसले होते.

परतल्यानंतर मी मोडीच्या वर्गात नाव नोंदवले. वर्ग रविवारी असतो. अजून एक ओळ लावायला मला पंधरा मिनिटे लागतात आणि जोडाक्षरांपाशी हमखास अडखळायला होते. त्या गृहस्थांना मी पत्र लिहून कळवले आहे, की पुढील सुटीत येईन. गाठोडी सोडून ठेवावी.