ते पाणी फेकू नका

बाबांना नॅशव्हिलला येऊन पाच आठवडे झाले होते. आई गेल्यावर त्यांनी काचीगुड्याच्या घरात एकटं राहू नये, म्हणून मीच हट्टाने त्यांना बोलावून घेतलं होतं. पण इथेही ते दोन घास वरण-भात खायचे आणि खिडकीपाशी जाऊन बसायचे. आईचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवायचे.

एका शनिवारी मी म्हटलं, "बाबा, आज सदर्न जेवायला जाऊ."

"इडली-डोसा? त्यासाठी बाहेर कशाला?"

मला हसू आलं. इथलं 'साउथ' म्हणजे टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी हा पट्टा. घराजवळच एका कुटुंबाचं लहानसं हॉटेल आहे, आठ-दहा टेबलांचं. तिथे 'मीट अँड थ्री' मिळतं. एक मांसाचा पदार्थ आणि त्यासोबत आपल्या आवडीच्या तीन भाज्या. गंमत म्हणजे चीज घातलेली मॅकरोनीसुद्धा इथे भाज्यांच्या यादीत असते!

चिकन अर्थातच नॅशव्हिलचं 'हॉट चिकन'. तळून झाल्यावर त्यावर गरम तेलात कालवलेलं लाल तिखट फासतात आणि पांढऱ्या ब्रेडवर ठेवून, वर लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या लावून देतात. याची गोष्ट अशी सांगतात की १९३० च्या दशकात थॉर्नटन प्रिन्स नावाचे गृहस्थ रात्री फार उशिरा घरी आले. त्यांच्या मैत्रिणीने रागाने त्यांच्या चिकनवर भरपूर तिखट ओतलं. प्रिन्ससाहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याचंच हॉटेल काढलं. ते आजही त्यांच्याच घराण्याकडे आहे.

"मीडियम घ्या," मी सुचवलं.

"नक्को. आम्ही गुंटूरची मिरची खाल्लेली माणसं," असं म्हणून बाबांनी 'हॉट' मागवलं. दुसऱ्याच घासाला कपाळावर घाम आला. पण माघार कसली घेतात! गोड आइस्ड टीचे दोन ग्लास मात्र रिकामे झाले.

मग त्यांचं लक्ष भाज्यांकडे गेलं. "अगं, ही तर चवळी! आणि ही भेंडी!" मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी त्यांना फार आवडली. मी त्यांना सांगितलं की भेंडी आणि ही चवळी दोन्ही आफ्रिकेतून इथे आल्या, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर. भेंडीचं इंग्रजी नाव 'ओक्रा' हेही पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतलं. बाबा खाता खाता थांबले. "सगळं हिरावून घेतलं तरी चव राहिली म्हणायची," ते हळूच म्हणाले.

तिसरी वाटी कोलार्ड ग्रीन्सची होती. कोबीच्या कुळातली ही जाड, रुंद पानं मंद आचेवर तास-दोन तास शिजवतात. बहुतेक ठिकाणी त्यात डुकराचं मांस असतं, म्हणून मी आधीच विचारून घेतलं होतं. इथे धुरावलेली टर्की घालतात. वरून थोडं व्हिनेगर. बाबांनी एक चमचा खाल्ला आणि नुसते वाटीकडे बघत राहिले.

गल्ल्यावरच्या बाई टेबलापाशी आल्या. "सर, आवडलं नाही का?"

"आवडलं. कसं करता?"

त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "माझी आई म्हणायची, पाणी मात्र फेकायचं नाही. खरी चव त्यातच असते." त्या पाण्याला इथे 'पॉटलिकर' म्हणतात. 'लिकर' ऐकून बाबा दचकले, तेव्हा त्या खळखळून हसल्या. मग त्यांनीच मक्याचा ब्रेड कुस्करून त्या पाण्यात कसा भिजवायचा ते दाखवलं.

बाबांनी तसंच खाल्लं, अगदी भाकरी कुस्करून खावी तसं. मग मान वर न करताच म्हणाले, "तुझी आई अंबाडी उकडून ते आंबट पाणी काढून टाकायची. मी म्हणायचो, राहू दे थोडं. ती म्हणायची, दात आंबतील तुमचे."

पाच आठवड्यांत ते पहिल्यांदाच आईबद्दल बोलले होते. मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर रडू आलं असतं.

परत येताना त्यांनी विचारलं, "इथे अंबाडी मिळते?" इंडियन स्टोअरमध्ये गोंगुरा म्हणून मिळते. रविवारी बाबा स्वतः ओट्याशी उभे राहिले. अंबाडी, तुरीची डाळ, तांदळाच्या कण्या आणि वर लसणाची खमंग फोडणी. आई करताना इतकी वर्षं ते बाजूला पेपर वाचत बसायचे, असं मला वाटायचं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ज्वारीच्या भाकरीची जबाबदारी माझी होती. ती तव्यावर टाकतानाच मोडली. म्हणून कुस्करूनच खाल्ली.

भाजीत मीठ जरा जास्तच झालं होतं. "आई असती तर..." आम्ही दोघंही एकदमच म्हणालो आणि हसलो.

त्या दिवशी टीव्ही लावलाच नाही.