गाळलेली माणसं

पुण्यात आयटीवाला म्हटलं की लोकांना वेबसाइट नाहीतर बँकेचं सॉफ्टवेअर आठवतं. पण दिवसभर निव्वळ टेबलं बनवणारी एक जमातही इथे आहे आणि मी त्यातलाच. औषधाची चाचणी असो की सर्वेक्षण, खाली हजारो ओळींचा डेटा आणि वर एक पान: किती जण, किती टक्के, सरासरी किती. साहेब लोक तेवढंच पान वाचतात.

हत्यारं झकास आहेत. सॅसमधलं प्रॉक टॅब्युलेट चार ओळींत काम उरकतं, आरमधलं जीटीसमरी एका ओळीत. गोची वेगळीच आहे.

समजा, २०० घरांना विचारलं, नळ आहे का? १२० हो, ४० नाही, ४० जणांचं उत्तरच नाही. मग नळ किती टक्के घरांत? २०० ने भागलं तर ६०, उत्तर देणाऱ्या १६० ने भागलं तर ७५. गणित दोन्हीकडे बरोबर! जीटीसमरी आपणहून ७५ देतं, पण निदान ‘अननोन’ची ओळ तरी दाखवतं. टॅब्युलेटची तऱ्हा न्यारी. क्लासमध्ये लिहिलेल्या एकाही रकान्यात जागा रिकामी असली, की ती अख्खी नोंद सगळ्या टेबलांतून गायब. ‘मिसिंग’ हा पर्याय लिहिला तरच ती परत येते.

आपल्या गोखले इन्स्टिट्यूटने धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली निघाले. तेव्हा कुठला आलाय संगणक! कागदांचे गठ्ठे लावून मोजायचं म्हणजे कोरा कागदही हातात येणारच. त्याचं काय करायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं. आता ते डिफॉल्ट ठरवतं, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

बरं, गप्प राहणारे काही उगाच गप्प नसतात. औषधाचा त्रास झाला म्हणून चाचणी अर्ध्यात सोडणाऱ्याचा शेवटचा रकाना रिकामाच असतो. त्याला गाळलं की औषध आहे त्यापेक्षा गुणकारी दिसतं. म्हणजे ज्याचं ऐकायला हवं, नेमका तोच टेबलाबाहेर.

म्हणून माझा साधा नियम: टक्क्यांच्या डोक्यावर एकूण आकडा, आणि ‘उत्तर नाही’ला स्वतंत्र ओळ. टेबल जरा लांबतं, साहेब कुरकुरतात. कुरकुरू देत. असो. पुढच्या वेळी पेपरात ‘७५ टक्के लोक म्हणतात’ वाचलंत, तर एकच विचारा: कितीपैकी?