एकेकास विचारावें

भरल्या घरांत एखादी वस्तु हरवली म्हणजे सर्व जण एकदम बोलूं लागतात आणि खरें काय तें कोणासच कळत नाहीं. अशा वेळीं शहाणें माणूस एकेकास बाजूस घेऊन विचारतें. संगणकाच्या प्रोग्रॅममधील दोष शोधतांना आम्हांसही हेंच करावें लागतें.

प्रोग्रॅम हें फंक्शन नांवाच्या लहान लहान कामकऱ्यांचें एकत्र कुटुंबच होय. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८६ सालीं लिहिलेल्या 'जीडीबी'सारखा डिबगर चालता प्रोग्रॅम मध्येंच थांबवितो. मग हव्या त्या फंक्शनला, हवा तो आंकडा हातीं देऊन, एकट्यालाच हांक मारतां येते.

नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. त्याच जिल्ह्यांत पुढें एका वृद्ध बाईंचा क्रमांक एक कचेरी वारंवार नाकारीत होती, व त्यामुळें त्यांचें अनुदान अडलें होतें. प्रोग्रॅम तपासण्याचें काम मजकडे आलें.

आधारच्या १२ अंकांपैकीं शेवटचा अंक ताळा पाहण्यासाठीं असतो. व्हरहूफ या डच गणितज्ञानें १९६९ सालीं मांडलेल्या या रीतीनें एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटले, तर तें तत्काळ कळतें. बाईंनीं क्रमांकच चुकीचा सांगितला असावा, असें सर्वांचें मत होतें. मीं ताळा पाहणाऱ्या फंक्शनला कागदावरील क्रमांक देऊन विचारलें. उत्तर आलें: बरोबर. मग अंक वाचणाऱ्या फंक्शनला इंग्रजी ७ दिला, उत्तर ७. देवनागरी ७ दिला; उत्तर २३६५!

संगणकांत इंग्रजी शून्याचा सांकेतिक क्रमांक ४८, तर देवनागरी शून्याचा २४०६. फंक्शन मात्र सरसकट ४८ वजा करीत होतें. आणि कचेरींत क्रमांक मराठी अंकांत भरला गेला होता.

या रीतीस एक पथ्य आहे. कांहीं फंक्शनें हांक मारतांच नोंदवहींत फेरफार करितात. नकारांची संख्या मोजणारें फंक्शन सहज म्हणून चालविलें, तरी एक नकार खरोखरच वाढतो. म्हणून असे प्रश्न मूळ नोंदींवर न विचारतां नकलेवर विचारावे.

फंक्शन सुधारलें, अनुदान सुटलें. क्रमांक पहिल्यापासूनच बरोबर होता. बाई मात्र इतके दिवस, आपलेंच कांहीं चुकलें असावें असें मानून, त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवीत होत्या.