पिवळी डबी

'पेडल' हा शब्द आमच्या घरात प्रथम उच्चारला गेला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना शिलाई यंत्राची आठवण झाली आणि आम्हाला पायपेटीची. आमच्या लहानपणी बोर्डिंगच्या प्रार्थनागृहात एक जुनी पायपेटी होती. तिचा भाता पायाने चालवावा लागे, आणि नाताळाच्या थंडीत पहिले गीत संपत आले तरी तिला नीटसा कंठ फुटत नसे. विजेवरच्या गिटारला पायाने दाबायची एक डबी हवी आहे, असे आमच्या धाकटीने सांगितले तेव्हा तिच्यातही वारा भरावा लागतो काय, असे आम्ही विचारले. तिने तो विनोद समजून सोडून दिला. तो विनोद नव्हता.

वास्तविक आम्ही गिटारला अगदीच परके नव्हतो. पोकळ लाकडी गिटार आम्ही तरुणपणापासून वाजवीत आलो. गायकवृंदात साऱ्यांची वाद्ये सुरात लावून देण्याचे काम पुष्कळ वर्षे आमच्याकडे होते, आणि 'गुरुजींचा कान' ही गोष्ट मंडळीत थोडीफार मानली जाई. हा अभिमान आम्ही उघडपणे मिरवीत नसू. पण मनातून तो होता, हे येथे कबूल केले पाहिजे, कारण पुढील हकिकत त्या अभिमानाचीच आहे.

आमचे देऊळघाट बुलढाण्यापासून जवळच, पैनगंगेच्या काठी आहे. येथे सोयाबीनचे भाव आणि फवारणीची औषधे यांविषयी सल्ला देणारे दहा जण भेटतील. 'ओव्हरड्राइव्ह' या विषयावर एकही नाही. गावात विजेची कामे करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारले, तर तो डोके खाजवीत म्हणाला, "गुरुजी, आवाज साफ करायची मशीन लोक मांगतात. तुमाले आवाज बिघडवायची कायले पाह्यजे?"

प्रश्न मार्मिक होता. या डबीचे काम खरोखरच आवाज बिघडविण्याचे आहे. तारेचे कंपन विजेच्या लहरीत उतरते. त्या लहरीला तिच्या मर्यादेपलीकडे वाढविले की तिचे शिखर सपाट कापले जाते, आणि या कापण्यातून मूळ सुराबरोबर त्याचे वरचे वरचे उपस्वर निर्माण होतात. आवाज जाड होतो, अधिक काळ टिकतो, त्याला किंचित घोगरेपणा येतो. रात्रभर भजन करून पहाटे काकड्याला उभे राहिलेल्या बुवांचा गळा ज्यांनी ऐकला असेल, त्यांना याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. त्या गळ्यात दोष असतो, आणि त्या दोषासाठीच माणसे थांबतात.

आम्हाला मात्र ही गोष्ट पटली ती तंबोऱ्यामुळे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवितात, त्याला जवारी लावणे म्हणतात. धागा योग्य जागी आला की कोरडी तार एकाएकी गुंजू लागते आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे निम्मे कौशल्य या जवारीत आहे. धागा केसभर इकडेतिकडे झाला की गुंजन जाऊन नुसते झणझणणे उरते. धाकटीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, डबीवरची बटणं म्हणजे हा धागाच समजा." आमची शिकवणी तेथून सुरू झाली.

विजेच्या गिटारचा हा घोगरेपणा प्रथम अपघातातून आला असे म्हणतात. अमेरिकेत १९५१ साली एका ध्वनिमुद्रणाला जाताना वाटेत यंत्राचा पडदा फाटला, त्यात कागद कोंबून वेळ निभावली, आणि तो फाटका आवाजच लोकांना आवडला, अशी कथा आहे. १९६४ साली इंग्लंडमधील एका तरुण वादकाने तर दाढीच्या पात्याने आपल्या स्पीकरचा पडदा स्वतःच चिरला. हे नुकसान न करता तोच परिणाम साधणारी यंत्रेही आली. १९७७ साली जपानच्या बॉस कंपनीने तळहातावर मावेल अशी ओव्हरड्राइव्हची डबी काढली; तिला दोनच बटणे होती, एक आवाजाच्या पातळीचे व दुसरे घोगरेपणाचे. १९८१ साली तिची पिवळी धाकटी बहीण आली, एसडी-१ नावाची, आणि तीत 'टोन' हे तिसरे बटण आले. आयबानेझ कंपनीची हिरवी 'ट्यूब स्क्रीमर' साधारण त्याच काळातली, आणि बॉसचीच निळी 'ब्लूज ड्रायव्हर' १९९५ सालची. आमच्या घरी महिनाभर जेवताना जी चर्चा चालली ती या पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या रंगांचीच. सौभाग्यवतींचे म्हणणे एवढेच की, दीड क्विंटल सोयाबीनचे पैसे ज्या वस्तूला पडतात ती निदान ऐकून तरी आणावी.

म्हणून आम्ही बापलेक राजूर घाट उतरून मलकापूरला आलो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस गेलो. धोबी तलावाचा भाग वाद्यांच्या दुकानांसाठी जुना प्रसिद्ध आहे. फुर्तादोसची पेढी १८६५ पासून त्या भागाशी जोडलेली. गोव्याहून आलेल्या किती वादकांनी येथे व्हायोलिनच्या तारा आणि स्वरलिपीची पुस्तके घेतली असतील, याची गणती नाही. हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद बहुतांशी त्यांच्याच बळावर उभा राहिला. एका लहानशा दुकानात आम्ही शिरलो. विक्रेता तरुण आणि सालस होता. त्याने गिटार जोडून दिली, तिन्ही डब्या मांडल्या आणि तो बाजूला उभा राहिला.

येथे आम्हाला एक मुद्दा आधीच सुचला होता, आणि तो आमच्या अनुभवातून आलेला असल्यामुळे आम्ही त्यावर अडून बसलो. धाकटीचे मन हिरवीच्या लहान आवृत्तीवर होते. ती खरोखर देखणी वस्तू. काड्यापेटीहून थोडी मोठी, पिशवीच्या कप्प्यात बसणारी. परंतु एवढ्याशा डबीत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मावत नाही. तिला वीज बाहेरूनच द्यावी लागते. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. वीज गेली की गिटारचा लहान अॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर चालतो, आणि साध्या इन्व्हर्टरची वीज शुद्ध लहरीची नसते. तिच्यावर अॅडॅप्टर लावला की डबी गुणगुणू लागते, आणि जी डबी सूर वाढविते ती ही गुणगुणही इमानाने वाढविते. शिवाय अॅडॅप्टरचे आणखी एक. या डब्यांना आतली पिन ऋण असलेला अॅडॅप्टर लागतो. गावातल्या दुकानात रेडिओसाठी मिळणारे पुष्कळसे नेमके उलटे असतात. बॅटरी मात्र निमूटपणे काम करते. पिवळी डबी इतकी थोडी वीज खाते की चांगली बॅटरी कितीतरी दिवसांच्या सरावाला पुरते. धाकटीने थोडा वेळ तोंड पाडले, परंतु हा युक्तिवाद तिने मानला. निवड निळी व पिवळी यांत उरली.

निळी आम्हाला तत्काळ आवडली. टोनचे बटण आम्ही उजवीकडे बरेच फिरवून ठेवले, तेव्हा तारेचा प्रत्येक आघात स्वच्छ, मोकळा ऐकू आला. पिवळी त्यापुढे आम्हाला मुकी वाटली, कांबळे पांघरून बोलावे तशी. आम्ही निर्णय देऊन टाकला, "निळी बांधा." विक्रेत्याने धाकटीकडे पाहिले. ती गप्प होती. आम्ही पुन्हा विचारले तेव्हा ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, यात माशा भणभणतात तसं होतंय. तुम्हाला ऐकू येत नाहीये का?"

आम्ही म्हटले, "कोठे?"

तिने एक स्वर छेडला आणि तो विरेपर्यंत थांबली. आम्ही डोळे मिटून ऐकले. स्वर होता, त्याचा घोगरेपणा होता, आणि तो गेल्यावर शांतता होती. माशा नव्हत्या. विक्रेत्याने टोनचे बटण हळूच डावीकडे वळविले आणि म्हणाला, "आता गेलं, सर." काय गेले ते आम्हाला कळले नाही. आम्हाला फक्त एवढे कळले की, तेथे उभ्या असलेल्या तिघांपैकी दोघे एक गोष्ट ऐकत होते आणि तिसरे आम्ही होतो.

त्या दुकानात आम्हाला बसावयास स्टूल दिले गेले. का दिले, हे कोणी बोलले नाही.

परत आल्यावर बुलढाण्याला कान तपासून घेतले. डॉक्टरांनी आलेख काढून दाखविला. दोन-तीन हजार आवर्तनांपर्यंत रेषा आमच्या पठारासारखी सपाट चालली होती; पुढे ती राजूर घाट उतरावा तशी खाली गेली होती. वय झाले की वरचे सूर आधी जातात, बोलणे मात्र बराच काळ कळत राहते. त्यामुळे माणसाला आपले काही गेले आहे याचा पत्ताच लागत नाही. डॉक्टरांनी हे नित्याचे म्हणून सांगितले. गायकवृंदात गेली काही वर्षे आम्ही वाद्ये लावून दिल्यावर धाकटी हळूच एखादी खुंटी पुन्हा का फिरवी, हे आम्हास घरी येताना बसमध्ये उमगले. आम्ही तिला तिचा अविश्वास समजत होतो आणि मनातल्या मनात रागही धरीत होतो.

निवड अर्थात पिवळीची झाली. तिचे विशेष आम्ही आता वाचून आणि विचारून जाणतो. तिच्यात लहरीची वरची बाजू व खालची बाजू सारखी कापली जात नाही, त्यामुळे उपस्वरांची वाटणी वेगळी होते. खर्जाला ती फारसे फुगवीत नाही, म्हणून ढोलक आणि कीबोर्ड यांच्यामध्ये गिटार चिखल करीत नाही. मात्र मधल्या पट्टीला ती पुढे आणते, आणि माणसाचा गळाही त्याच पट्टीत गातो. गाणारे असताना तिची पातळी उतरवावी लागते. गिटारचे बटण थोडे कमी केले की घोगरेपणा विरळ होतो, बोट जोराने पडले की परत येतो. पायाने सारखी दाबाबंदी करणारा वादक तिला ओळखत नाही, असे आमचे मत आहे. (ऐकू येईल तेवढ्यावर मत देण्यास डॉक्टरांनी मनाई केलेली नाही.)

एक चूक आणखी झाली, ती आमच्या सल्ल्याने. गावातल्या एका कार्यक्रमात मंडपाच्या लाऊडस्पीकरला ही डबी आम्ही सरळ जोडावयास लावली. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार आवर्तनांपुढचा आवाज फारसा देत नाही. ओव्हरड्राइव्हचा खरखरीतपणा तेथेच गाळला जातो. मंडपाचे भोंगे ही गाळणी करीत नाहीत. समोरच्या रांगेतील बायांनी कानांवर पदर घेतले तेव्हा आम्ही मागे उभे राहून तालावर मान डोलावीत होतो. तेव्हापासून धाकटी आपला लहान अॅम्प्लिफायर खुर्चीवर ठेवते आणि त्याच्यासमोर मायक्रोफोन लावते. काही बोलत नाही.

चर्चमध्ये ती आणावी की नाही, याविषयी घरात वाद झाला. व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले, आणि इतर वाद्ये पवित्र उपयोगास योग्य असतील तर अधिकाऱ्यांच्या संमतीने चालतील असे म्हटले. आम्ही हे पुष्कळदा इतरांना ऐकविले आहे, बहुधा त्यांची वाद्ये बंद करण्यासाठी. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वी फादरांना विचारले, तर त्यांनी एवढेच सांगितले की आधी ऐकवा. धाकटीने अर्पणविधीच्या गीताला शेवटच्या कडव्यात दोन-चार लांब स्वर वाजविले, अगदी हळू, बटण जवळजवळ डावीकडे. फादर म्हणाले, "चालेल." आम्हाला ते पायपेटीसारखे वाटले. ही आमच्या कानाची कृपा की डबीची, हे आम्ही कोणाला विचारले नाही.

टोनच्या बटणाशेजारी आता नखांच्या रंगाचा एक पांढरा ठिपका आहे. तो धाकटीने लावला. ती कॉलेजला गेली की आम्ही कधी कधी गिटार घेऊन बसतो आणि बटण ठिपक्याच्या उजवीकडे नेतो, जेथे आम्हाला अजून सारे स्पष्ट ऐकू येते. पाच-दहा मिनिटे वाजवितो. मग बटण ठिपक्यावर आणून ठेवतो.

या डबीत गिटारची केबल खोचलेली राहिली तर आतली बॅटरी रात्रभर झिजत राहते, दिवा लागलेला नसला तरीही. नाताळच्या आठवड्यात एकदा तसे झाले आणि सरावाच्या वेळी डबी मुकी निघाली. तेव्हापासून ते काम आमच्याकडे आहे. झोपण्यापूर्वी दार लावायचे, गॅसचा खटका बंद करायचा, आणि मग पुढच्या खोलीत जाऊन, वाकून, केबल काढून ठेवायची.