आजोबांचे पेन्सिलीतले प्रश्नचिन्ह

आजोबांच्या संग्रहात ब्रिटनचे एक 'पेनी रेड' आहे. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते : '७७?' त्या प्रश्नचिन्हापायी माझ्या कित्येक दुपारी भिंगाखाली गेल्या.

मित्रहो, हा आकडा प्लेटचा. १८४० साली 'पेनी ब्लॅक' निघाले, तेव्हा राणी व्हिक्टोरियाचे चित्र पोलादी ठशावर कोरून, रुळाच्या साहाय्याने एका प्लेटवर २४० वेळा उमटवीत. बारा तिकिटांच्या वीस ओळी. २४० पेन्स म्हणजे एक पौंड, त्यामुळे हिशेबही सोपा. खालच्या कोपऱ्यांतील अक्षरे मात्र मूळ ठशावर नव्हती. ती कारागीर प्रत्येक तिकिटासाठी हाताने ठोकीत असे : डावे अक्षर ओळीचे, उजवे त्या ओळीतील स्थानाचे. हात कितीही सरावाचा असला, तरी एखादे अक्षर कलते, एखादे चौकटीला टेकते. पेनी ब्लॅकच्या तिकिटावर प्लेटचा क्रमांक नाही. अकरा प्लेट्सपैकी ते कोणत्या प्लेटचे, हे अभ्यासक मुख्यतः अक्षरांच्या या हेलकाव्यांवरून ठरवतात. एकदा तर ठोकणेच राहून गेले! १८४१च्या तांबड्या तिकिटांच्या एका प्लेटवर 'बी-ए'ऐवजी नुसता 'बी' आहे. योगायोग असा, की तीही ७७ क्रमांकाचीच. पण ती निराळी.

आजोबांच्या मनातली ७७ नंतरची. १८६४पासून पेनी रेडच्या चारही कोपऱ्यांत अक्षरे आली आणि दोन्ही बाजूंच्या नक्षीत प्लेटचा बारीक क्रमांक आला. त्या मालिकेतील ७७वी प्लेट सदोष ठरली. तिकिटांची मांडणी अशी चुकली होती, की छिद्रांच्या रेषा जुळेनात. प्लेट बाद झाली, तरी तिची काही तिकिटे बाहेर पडलीच. आज ज्ञात आहेत ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांचे मोल कोटींच्या घरात. साहजिकच १७७मधला 'एक' खरवडून ७७ करणारेही निपजले.

आमच्या तिकिटावर उजवीकडे दोन 'सात' स्वच्छ दिसतात आणि त्यांना लागूनच शिक्क्याची दाट काळी शाई. क्रमांक डावीकडेही असतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही मी पुनःपुन्हा उजवीकडेच पाहत राहिलो, हे कबूल केले पाहिजे. आजोबांनीही तसेच केले असेल काय?

अखेर एका सकाळी तिकीट खिडकीपाशी नेऊन डावी बाजू पाहिली. तिथे शाई विरळ होती. नक्षीच्या जाळीत दोन सातांच्या आधी एक बारीक, सरळ रेघ. एकशे सत्त्याहत्तर. बाजारात सहज मिळणारे तिकीट.

खालची अक्षरे 'पी' आणि 'एफ', म्हणजे सोळाव्या ओळीतले सहावे. तेवढे मी अल्बममध्ये नोंदवले, आजोबांच्या आकड्याआधी पेन्सिलीनेच '१' लिहिला आणि प्रश्नचिन्ह खोडले.