पाऊस पाहिलेल्या शेवया

आजी मूळची साताऱ्याकडची, त्यामुळे पनवेलला येऊनही आमच्या घरात शेवया गव्हाच्याच. शेजारी तांदळाचे शिरवाळे व्हायचे. ते नारळाच्या रसात बुडून त्याच दिवशी संपत. आजीचं सगळं गणित साठवणीचं. उन्हाळ्यात सपीठ मळायचं, पाटावर वळत धागा लांबवायचा, काठीवर कडकडीत वाळवायचा आणि मिरगाच्या आत डबा बंद. खाडीकाठची हवा ही. पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतं. गेल्या सालच्या शेवया उरल्या तर त्या घरच्यांच्या वाट्याला, नव्या पाहुण्यांसाठी.

१९८३ साली मॅगी भारतात आली आणि आम्हा पोरांचं पाटाकडे लक्ष उडालं. नूडल्स तळून टिकवायची ही युक्ती मोमोफुकू आंदो यांनी जपानात १९५८ साली बाजारात आणली. मला मात्र मॅगीत गव्हापेक्षा मसालाच लागायचा.

गव्हाची चव पुन्हा भेटली ती सोमेन या जपानी शेवयांमध्ये. नवी मुंबईतल्या एका दुकानात पुडी मिळाली: कागदी पट्टीने बांधलेल्या पन्नास-पन्नास ग्रॅमच्या जुड्या. यंत्रावरचा धागा १.३ मिलिमीटरहून बारीक असेल तर सोमेन, १.७ किंवा त्याहून जाड असेल तर उदोन. हाताने ओढलेली सोमेन हिवाळ्यात करतात. पीठ, मीठ, पाणी आणि ओढताना तेलाचा हात. ह्योगो भागातली ‘इबो नो इतो’ नावाची सोमेन प्रसिद्ध आहे. यातला काही माल तिथले लोक मुद्दाम गोदामात ठेवून पावसाळा काढू देतात. मुरलेला धागा शिजल्यावर लवकर मऊ पडत नाही, म्हणून जुन्या मालाला भाव जास्त. आजी हे ऐकून म्हणाली असती, “शिळं, आणि वर महाग?”

शिजवायला दीड-दोन मिनिटं पुरतात. पाणी भरपूर, मीठ अजिबात नाही. ते पिठातच असतं. मग गार पाण्याखाली हाताने चोळून धुवायच्या. हे टाळलं तर चिकट गोळा होतो, खारटपणाही राहतो. जपानी लोक सुकवलेल्या बोनिटो माशाच्या अर्कात सोया सॉस घालून त्यात त्या बुडवतात. मी सोडे उकळून घेतो. रायगडात राहून बोनिटो कशाला शोधायचा?

मुरवायच्या भानगडीत मात्र पडत नाही. ह्योगोचं गोदाम वेगळं आणि पनवेलच्या ओट्याखालचा डबा वेगळा. सोमेनच्या जुड्या आणि बचत गटाच्या शेवया एकाच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि श्रावणाच्या आत दोन्ही संपवतो.