झिजण्यासाठीच घडवलेली कडी

झिजलेल्या यंत्राचे फसवेपण असे, की पुष्कळदा त्याचा आवाज बदलत नाही. पुणतांब्याला गोदावरीकाठी असलेल्या आमच्या शेतीपंपाच्या बाबतीत गेल्या फेब्रुवारीत हेच झाले. मोटार नेहमीसारखी घुमत होती. पण कांद्याच्या शेवटच्या वाफ्यांपर्यंत पाणी पोहोचेना. दादाचे म्हणणे, चालत्या यंत्राला हात लावू नये. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल माफ झाले, त्यामुळे ही गळती बिलातही दिसत नाही. थ्री-फेज वीज मात्र ठरावीक तासच असते. तेव्हा झिजेची किंमत कोरड्या राहिलेल्या वाफ्यांतच मोजावी लागते.

पंपात फिरणारा पंखा आणि त्याच्या तोंडाभोवती बसवलेली स्थिर कडी यांच्यात अगदी बारीक फट असते. या कडीला मिस्त्री वेअरिंग रिंग म्हणतात. पुराच्या पाण्याबरोबर येणारी वाळू ही फट घासून रुंद करते. मग पुढे ढकललेले पाणी फटीतून मागे सरकते आणि पंखा तेच पाणी पुन्हा पुन्हा ढकलत राहतो. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950च्या दशकात उथळ नद्यांसाठी जेटबोट विकसित केली. 1977 साली एडमंड हिलरी अशाच बोटी घेऊन गंगेतून समुद्राकडून हिमालयाच्या दिशेने गेले. ही बोट पाणी पोटात ओढून मागे फेकते, म्हणजे तिच्या पोटात असतो तो पंपच. तिथेही फट वाढली की इंजिन अधिक वेगाने फिरते आणि बोटीचा रेटा मात्र कमी होतो.

निर्णय घ्यायचा कसा? फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली किंवा सक्शनमध्ये हवा शिरली, तरी लक्षण हेच दिसते. म्हणून आधी ते तपासले. दोन्ही ठीक होते. मग 200 लिटरचे पिंप लावले. पंप नवा असताना ते 20 सेकंदांत भरे, आता 30 लागले. या आकड्यापुढे आमचा वाद मिटला.

पंप उघडला तेव्हा पंख्याची पाती शाबूत होती. झिजली होती ती तोंडाची कड आणि कडी. मूळ मापाची नवी कडी बसवून भागले नसते, कारण झिजलेल्या कडेमुळे फट उरलीच असती. मिस्त्रींनी लेथवर कड साफ करून घेतली आणि तिच्या मापाची कडी बसवली. पिंप 22 सेकंदांत भरले.

आमच्या गावी चांगदेवांची समाधी आहे आणि याच नदीवर खाली पैठण. तिथल्या एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हातोहाती नकला होताना शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले, ग्रंथ नव्याने रचला नाही. काय झिजले आणि काय शाबूत आहे, हे आधी नेमके पाहावे लागते. पाठचिकित्सा शिकवताना वर्गात मी हेच सांगत आलो आहे. पंपातली कडी तर बसवतात तीच झिजण्यासाठी, म्हणजे बिडाचे महागडे कवच वाचते. ती वेळेवर बदलली नाही, तर झीज त्या कवचापर्यंत जाते.

आता दर पावसाळ्यानंतर पिंप लावून सेकंद मोजायचे आणि आकडा 26 च्या पुढे गेला की पंप उघडायचा, असे दादाने स्वतःच ठरवले आहे.